टॉनिकनं काय बिघडतं?

आपल्या घरांत दोन वाक्यांना उत्तर नसतं. एक, 'लोक काय म्हणतील?' आणि दुसरं, 'टॉनिकच तर आहे, त्यानं काय बिघडतं?' पहिल्या वाक्यावर आजवर ढिगानं लिहून झालंय. दुसऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही, कारण ते प्रेमानं म्हटलेलं असतं. औषध डॉक्टरनं द्यावं आणि ताकदीचं काहीतरी घरच्यांनी द्यावं, अशी आपल्याकडे जुनी वाटणीच आहे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तापातून उठलेल्याला पेज, दहावीच्या पोराला च्यवनप्राश. आणि हल्ली घरातल्या आजारी मांजरालाही चमचाभर काहीतरी.

आज लिहायचंय ते या शेवटच्या चमच्याविषयी. सांस्कृतिक गोष्टी लिहिता लिहिता मधेच मांजराचं टॉनिक कुठून आलं, असं कुणाला वाटेल. पण आपण माया कशी करतो, हा विषय संस्कृतीचाच आहे. आणि त्या मायेचं माप चुकलं तर मांजर मरतं, हेही तितकंच खरं.

गोव्यात पूर्वी मांजर 'पाळत' नसत, ते घरात असायचं. मागच्या दारी नुस्तें कापायला बसलेल्या बाईपासून हातभर अंतर राखून. बांगड्याचं डोकं, पेडव्यांची आतडी आणि ताटातली उरलेली शितं, एवढ्यावर त्याचा संसार. आजारी पडलं की कुठंतरी निघून जायचं, ते परत यायचं नाही. आता म्हापसा-मडगावच्या फ्लॅटमधली मांजरं बिछान्यात झोपतात. त्यांना लस मिळते, त्यांची नसबंदी होते, रस्त्यावरचं हिंडणं थांबतं, आणि ती बारा-पंधरा वर्षं सहज जगतात. जास्त जगणाऱ्याला म्हातारपणाची दुखणी आलीच. मूत्रपिंडं थकतात, दात खराब होतात, आतडी अन्न नीट शोषून घेत नाहीत. मांजराची शुश्रूषा ही जबाबदारी आपल्याला नवी आहे. पण ती निभावताना आपण बाटल्या मात्र आजीच्याच फडताळातल्या काढतो.

हे मला लख्ख दिसलं ते बऱ्हाणपुरात. बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेशातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून असलेलं तापीकाठचं गाव. मुघलांचं दख्खनेतलं मोठं ठाणं. १६३१ साली मुमताजमहल वारली ती इथंच. आज ते यंत्रमागांचं आणि केळ्यांचं गाव आहे, आणि बाजारात हिंदी, उर्दू, निमाडी, मराठी अशा चारही भाषा कानावर पडतात. माझी आतेबहीण लग्न होऊन तिथं गेली, त्यामुळे आमचं अधूनमधून जाणं होतं. वास्कोहून गोवा एक्सप्रेसनं भुसावळ गाठायचं आणि तिथून पुढं तासाभराचा प्रवास.

या गावाची आणखी एक ओळख आहे. इथं पंडित शिवनाथ शास्त्री यांच्या नावाचं सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि सैफिया हमीदिया हे युनानी तिब्बिया कॉलेजही आहे. वैद्य आणि हकीम या दोघांचेही वारसदार एकाच गावात शिकतात, अशी गावं आपल्या देशात फार नसावीत. साहजिकच 'ताकदीची दवा' ही इथल्या घराघरांतली रोजची बोली आहे. कुणी माजून देतं, कुणी खमीरा, कुणी अवलेह.

ताईच्या घरी चिंगी नावाची अकरा वर्षांची मांजरी होती. एरवी चार किलो भरणारी ही बाई त्या वेळी तीन किलोंच्याही खाली आली होती. खाणं अर्ध्यावर, पाणी मात्र भरपूर. गुरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि सांगितलं, की बी-१२ कमी पडत असावं, सोमवारी अहवाल आला की इंजेक्शन सुरू करू. तो शुक्रवार होता. आता घरात जीव झुरत असताना सोमवारपर्यंत हातावर हात ठेवून कोण बसणार? शनिवारी संध्याकाळपर्यंत फ्रिजवर चार वस्तू जमल्या. भाच्यानं मेडिकलमधून आणलेली बी-१२ च्या कॅप्सूलची पट्टी. नातवंडांसाठी आणलेलं लोहाचं सिरप. शेजारच्या चाचींनी वाटीतून पाठवलेला खमीरा. आणि त्याच चाचींनी खास चिंगीसाठी उकळलेला पायाचा रस्सा. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जिवाला जरा ताकद येईल. त्यानं काय बिघडतं?"

चार वस्तू, चार माणसांची माया. त्यातल्या एकाही माणसाच्या हेतूवर बोट ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण एकेक वस्तू उचलून पाहू.

आधी कॅप्सूल. कारकुनी पेशामुळे बारीक अक्षर वाचल्याशिवाय हातातला कागद खाली ठेवायचा नाही, ही खोड मला लागलेली आहे. पट्टीच्या मागं लिहिलं होतं: मिथिलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चाच एक प्रकार, १५०० मायक्रोग्रॅम. त्याच्या खाली अल्फा लिपोइक ॲसिड, १०० मिलिग्रॅम. आपल्याकडे माणसांना नसांच्या दुखण्यासाठी बी-१२ देतात ते पुष्कळदा याच जोडीनं येतं. माणसाला ते चालतं. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात निरोगी मांजरांना हे लिपोइक ॲसिड देऊन पाहिलं होतं. किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या मात्रेला त्यांच्या यकृताला इजा झाली. माणूस, कुत्रा आणि उंदीर यांच्यासाठी नोंदलेल्या आकड्यांच्या तुलनेत मांजराला ते दहापट विषारी, असा त्याचा निष्कर्ष. आता हिशेब करा. तीन किलोंची मांजरी आणि १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, म्हणजे किलोमागे तेहतीस. तीही आधीच आजारी. डॉक्टरांना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, "ते देऊ नका. मी बी-१२ म्हटलं होतं, हे नव्हे."

लोहाच्या सिरपचं तसंच. रक्त कमी असलं म्हणजे लोह कमी असतं, असं आपण धरून चालतो. पण मूत्रपिंडाच्या आजारात रक्त कमी होतं ते मुख्यतः रक्तपेशी बनवा असं सांगणारं संप्रेरक मूत्रपिंडातून कमी पडतं म्हणून. तिथं न तपासता लोह ओतून उपयोग नाही, आणि जास्त झालेलं लोह आतड्यांना आणि यकृताला जाळतं. शिवाय सिरप म्हणजे निव्वळ औषध नसतं. ते गोड करायला, पातळ ठेवायला आणि टिकवायला त्यात आणखी काय काय घातलेलं असतं. त्यांतलं प्रोपिलीन ग्लायकोल हे एक. मांजराच्या तांबड्या पेशींना ते बाधतं म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९६ साली मांजरांच्या खाद्यात ते वापरायला बंदी घातली. माणसांच्या सिरपांत ते आजही चालतं.

पायाचा रस्सा तर वासानंच तोंडाला पाणी सुटावं असा होता. पण त्यात कांदा होता, लसूण होता. या दोन्हींमुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, मग ते कच्चे असोत, शिजवलेले असोत की सुकवून पूड केलेले. उरला खमीरा. त्याचा पाक साखरेचा किंवा मधाचा. मांजराला गोड चव कळतच नाही, तिची तशी जीभच नाही. तेव्हा ज्याच्या स्वादासाठी एवढा खटाटोप, तो तिच्यापर्यंत पोचतच नाही. आणि आतल्या वनस्पतींचं तिच्या शरीरात काय होईल हे ठरवायला लागणारी मात्रा त्या वाटीवर लिहिलेली नव्हती.

थोडक्यात काय, तर मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. डोस चौथाई केला की काम झालं, असं इथं चालत नाही. औषधाला एक विशिष्ट आम्ल जोडून ते शरीराबाहेर टाकायची जी सोय आपल्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फार तुटपुंजी आहे. म्हणून आपण तापाला सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. उलट बाजूनं पाहिलं तर मांजराला अशा काही गोष्टी अन्नातूनच लागतात, ज्या आपलं शरीर स्वतः बनवतं. टॉरिन हे त्यांतलं प्रसिद्ध. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की टॉरिन कमी पडल्यानं मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं, आणि ते वेळेत दिलं तर पुष्कळदा सुधारतंही. त्यानंतर खाद्य बनवणाऱ्यांनी त्यातलं टॉरिन वाढवलं. म्हणजे योग्य पूरक जीव वाचवतं, हेही खरंच. माझा विरोध पूरकाला नाही, 'काय बिघडतं' या वाक्याला आहे.

जीवनसत्त्व 'अ'चं उदाहरण घ्या. गाजरातल्या रंगापासून ते बनवणं मांजराला जमत नाही, म्हणून ते प्राण्याच्या अंगातूनच मिळावं लागतं. हे वाचून कुणी उत्साहानं रोज कलेजी चारायला लागला किंवा माशाच्या यकृताचं तेल पाजायला लागला, तर काही महिन्यांत तेच जीवनसत्त्व साठून मानेच्या मणक्यांवर हाडं वाढतात. मान वळेनाशी होते, मांजर स्वतःचं अंग चाटेनासं होतं. कमी पडलं तरी रोग, जास्त झालं तरी रोग.

आपल्या गोव्यातली एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. 'मांजराला कच्चं नुस्तें म्हणजे अमृत' हा आपला पक्का समज. तारल्यांच्या कुळातल्या काही माशांत कच्चेपणी असा एक घटक असतो जो बी-१ हे जीवनसत्त्व मोडून टाकतो. रोज तेवढंच खाणाऱ्या मांजराची भूक आधी जाते, मग मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. घरचे म्हणतात भूक नाही, मग आणखी ताजं नुस्तें आणून घालतात! मासे शिजवले की तो घटक नष्ट होतो. मीठ, मसाला, कांदा न घालता उकडलेला मासा, काटे काढून, अधूनमधून. एवढी साधी दुरुस्ती आहे, पण ती आपल्या अमृताच्या कल्पनेला मानवत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी शास्त्र, आपल्या जुन्या ज्ञानाला त्याचं काय? मला तर उलटच वाटतं. बऱ्हाणपुरात ज्या दोन विद्या शिकवल्या जातात, त्यांचा पहिला धडाच हा आहे. वैद्य आधी प्रकृती पाहतो, हकीम आधी मिजाज पाहतो, आणि मग मात्रा ठरवतो. एकाला मानवणारी वस्तू दुसऱ्याला मानवेलच असं नाही, हे दोघांनाही मान्य. इतकंच कशाला, हत्तींसाठी पालकाप्याच्या नावावरचा हस्त्यायुर्वेद वेगळा, घोड्यांसाठी शालिहोत्राची विद्या वेगळी. माणसाची मात्रा वजनाच्या हिशेबानं वाढवून हत्तीला पाजा, असं कुणी लिहून ठेवलं नाही. तेव्हा 'नैसर्गिक आहे, कुणालाही द्या' हे परंपरेचं वाक्य नव्हे. ते दुकानाच्या काउंटरवर जन्मलेलं वाक्य आहे, आणि त्याला परंपरेचं नाव आपण दिलं.

पण दोष एकट्या घरच्यांना देऊन मोकळं व्हायला मी तयार नाही. छोट्या गावांत पशुवैद्यकीय दवाखाना असतो तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी. डॉक्टर चांगला असला तरी मांजराचं रक्त तपासायची सोय दूरच्या शहरात. त्यामुळे शुक्रवार ते सोमवार ही मधली पोकळी तयार होते, आणि ती भरायला मेडिकलवाला सदैव उघडा. तिथं माणसाची पट्टी मागितली की मिळते, 'कुणासाठी?' असं विचारायची पद्धत नाही. माझं म्हणणं असं, की हा एक शब्द विचारला जावा. आणि पशुवैद्यानं पूरक सुचवलं तर ते तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावं: नेमकं काय, किलोमागे किती, किती दिवस, आणि ज्याच्यात आणखी काही मिसळलेलं आहे ते घेऊ नये. सरकारी कचेरीत तोंडी आदेशाचं काय होतं ते मी वीसेक वर्षं पाहतोय. आजारी मांजराच्या घरीही त्याचं तेच होतं.

आपल्या हातात मात्र बरंच काही आहे, आणि ते टॉनिकहून मोलाचं आहे. पहिलं म्हणजे अन्न. मांजर दोन-तीन दिवस काहीच खाईनासं झालं, आणि त्यातही ते अंगानं भरलेलं असेल, तर चरबी यकृतात साठून यकृतच बंद पडू लागतं. म्हणून चोवीस तास पोटात काही गेलं नाही तर सोमवारची वाट न पाहता डॉक्टरला गाठायचं. अन्न अंगाच्या उष्णतेइतकं कोमट केलं की त्याचा वास उठतो, आणि मांजर नाकानंच जेवतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर घालू नये, रक्तातले क्षार कोसळतात. हे वाढवत न्यायचं काम डॉक्टरांच्या सल्ल्यानं करावं.

दुसरं म्हणजे देण्याची रीत. पातळ औषध सिरिंजनं द्यायचं तर गालाच्या बाजूनं, डोकं सरळ ठेवून, एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर, आणि गिळल्यावरच पुढचं. मान उंचावून घशात ओतलं की ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. कोरडी गोळी दिली तर पाठोपाठ चार-पाच मिलिलिटर पाणी असंच हळूहळू द्यावं, नाहीतर काही गोळ्या अन्ननलिकेत अडकून तिला जखम करतात. आणि कडू औषध आवडत्या खाण्यात लपवू नये. आजारी मांजराला एकदा का फसवणूक कळली, की औषध तर राहतंच, ते खाणंही सुटतं.

तिसरं, एका वेळी एकच नवी वस्तू. चार एकदम सुरू केल्या आणि उलटी झाली, तर दोष कुणाचा हे देवालाही सांगता यायचं नाही. आठवड्याला एकदा वजन करून वहीत लिहावं. तीन किलोंच्या जिवाचं दीडशे ग्रॅम वजन उतरणं म्हणजे साठ किलोंच्या माणसाचं तीन किलो उतरणं.

चिंगीचा अहवाल सोमवारी आला. मूत्रपिंडं थकली होती, बी-१२ ही कमी होतं. तिला बी-१२ ची इंजेक्शनं मिळाली, मूत्रपिंडांना झेपेल असं कमी फॉस्फरसचं खाणं मिळालं. रक्तातलं पोटॅशियम मोजून मगच ते थोडं देण्यात आलं. हाडांच्या रश्श्यात फॉस्फरस असतो, हे कळल्यावर चाचींनी स्वतःच तो बंद केला आणि त्याऐवजी कोंबडीचं साधं उकडलेलं मांस कुस्करून पाठवायला लागल्या. तेही डॉक्टरांना विचारून, किती ते ठरवून. पुढं ती सात महिने जगली, आणि बरी जगली. माया कमी झाली नाही, फक्त तिला माप आलं.

आणि मला वाटतं सगळा मुद्दा इथंच आहे. माणूस आजारी असला तर निदान तोंड वाकडं करून 'नको' म्हणतो, पोटात दुखतंय म्हणून सांगतो. मांजराला ती सोय नाही. दुखणं लपवणं हा तर त्याचा जातिस्वभाव. म्हणजे त्याच्या वतीनं शंका घेण्याचं कामसुद्धा आपलंच. चमचा हातात घेतला की तीन प्रश्न विचारायचे: हे कुणासाठी बनवलंय? यात आणखी काय आहे? आणि हे द्या असं कुणी, काय तपासून सांगितलंय? तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल द्या. एकाचंही अडलं तर चमचा खाली ठेवा, वाटीतलं खाणं कोमट करा आणि डॉक्टरला फोन लावा. 'काय बिघडतं?' या प्रश्नाला उत्तर आहे. आपण ते थांबून ऐकत नाही, एवढंच.